दिवाणखान्यातील छोटा संगणक : घ्यावा की न घ्यावा?

उन्हाळी कांद्याची पट्टी हातात पडली, की देवळा तालुक्यातल्या अनेक घरांत नव्या वस्तूचा विषय निघतो. वडिलांना बातम्यांसाठी आणि चित्रपटांसाठी मोठा पडदा हवा असतो, मुलांना अभ्यासासाठी संगणक. मग कोणीतरी तिसरी सूचना करतो : टी.व्ही.लाच जोडता येईल असा, जेवणाच्या डब्याएवढा छोटा संगणक घेऊ. रात्री चित्रपट, दिवसा अभ्यास. सूचना पटण्यासारखी असते. पण दुकानात गेल्यावर खोक्यावरच्या आकड्यांनी गोंधळ उडतो आणि निर्णय शेवटी विक्रेत्याच्या बोलण्यावर होतो.

विद्यार्थी मित्रांनो, हा निर्णय तुम्ही स्वतः करू शकता. त्यासाठी मोजपट्टी, घड्याळ, प्रयोगशाळेतील साधा तापमापक आणि नववी-दहावीचे गणित एवढे पुरते. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात ठेवा. विहिरीला पाणी भरपूर आहे, मोटारही मोठी आहे, पण मधला पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर पिकाला अर्ध्या इंचाचेच पाणी मिळते. चित्रपटाचेही तसेच आहे. तो साठवणीतून निघून तुमच्या डोळ्यांपर्यंत आणि कानांपर्यंत येताना अनेक टप्पे ओलांडतो. त्यांतला सर्वांत अरुंद टप्पा कोणता, हे आधी शोधायचे. पैसे खर्च करायचे ते त्यावर.

एका चित्रपटात किती माहिती असते?

भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्याची फीत सुमारे ३,७०० फूट लांब होती. ३५ मिमी रुंदीच्या फितीवर एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे संपूर्ण चित्रपटात ३,७०० × १६ = ५९,२०० स्थिर चित्रे होती. ती एकामागून एक भराभर दाखवली, की डोळ्याला हालचाल भासते.

आज फीत गेली, पण तत्त्व तेच राहिले. आता प्रत्येक चित्र चित्रबिंदूंचे बनलेले असते. ‘फुल एचडी’ चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदू, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. एका बिंदूचा रंग सांगण्यासाठी २४ बिट लागतात असे धरू. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. तेव्हा

२०,७३,६०० × २४ × २४ = १,१९,४३,९३,६००

म्हणजे दर सेकंदाला सुमारे ११९ कोटी बिट! दोन तासांच्या चित्रपटाला ७,२०० सेकंद लागतात. आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने ही माहिती सुमारे १,०७५ गिगाबाइट होते. एवढी माहिती कोणी पाठवत नाही, साठवतही नाही. ती दाबून लहान केली जाते. या क्रियेला ‘संपीडन’ म्हणतात.

संपीडन दोन गोष्टींचा फायदा घेते. पहिली, शेजारशेजारचे बिंदू बहुधा सारखेच असतात. निळ्या आकाशातल्या प्रत्येक बिंदूचा रंग वेगळा सांगावा लागत नाही. दुसरी, एका चित्रातून पुढच्या चित्रात थोडेच बदलते. बातम्या देणाऱ्या निवेदिकेचे ओठ हलतात, मागची भिंत हलत नाही. म्हणून फक्त बदल सांगितला तरी चालतो. यांपैकी पहिल्या कामासाठी लागणारी गणिती पद्धत नसीर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. अहमद हे मूळचे बंगळूरचे. आज जगातले जवळजवळ प्रत्येक संगणकीय चित्र या पद्धतीचा किंवा तिच्या वंशजांचा उपयोग करते.

अशा संपीडनाने ११९ कोटी बिटांचे काम सेकंदाला सुमारे ८० लाख बिटांत भागते. म्हणजे माहिती सुमारे दीडशेपट लहान झाली. दोन तासांचा चित्रपट ७.२ गिगाबाइटमध्ये मावला.

उलगडा करणारा परिपथ

दाबलेली माहिती पाहण्याआधी पुन्हा उलगडावी लागते. हा उलगडा दोन प्रकारे होतो. संगणकाचा मुख्य प्रक्रियक सर्व आकडेमोड स्वतः करतो, किंवा चिपवर याच कामासाठी कोरलेला खास परिपथ ते काम करतो. खास परिपथ असेल तर थोडक्या विजेत काम होते. नसेल तर प्रक्रियक धापा टाकतो, तापतो आणि चित्र अडखळते.

संपीडनाच्या ‘भाषा’ही अनेक आहेत. एच-२६४ ही २००३ साली मान्य झाली, एचईव्हीसी २०१३ साली आणि एव्ही-१ ही २०१८ साली आली. तुमच्या यंत्रातला परिपथ यांतल्या कोणत्या भाषा जाणतो, हा खरा प्रश्न आहे. ‘प्रक्रियक किती वेगवान?’ हा प्रश्न त्यानंतरचा.

याचे एक बोलके उदाहरण पाहा. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक २०१२ साली बाजारात आला. २०१९ साली आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत एच-२६४ आणि एचईव्हीसी या दोन्हींसाठी खास परिपथ होते. २०२३ साली आलेली पाचवी आवृत्ती पुष्कळ वेगवान होती, पण तिच्यात एच-२६४ चा परिपथ काढून टाकला होता. ते काम आता मुख्य प्रक्रियकावर पडले. प्रक्रियक जोरकस असल्याने निभावते, पण नवे यंत्र प्रत्येक बाबतीत जुन्याहून पुढे असते, असे मात्र नाही.

शेवटची तार

उलगडलेले चित्र संगणकातून टी.व्ही.मध्ये एचडीएमआय तारेने जाते. येथे ते पुन्हा आपल्या मूळ, अवाढव्य रूपात असते. फुल एचडीच्या चौपट बिंदू असलेले ‘फोर-के’ चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, तर या जोडणीची २०१३ सालची २.० ही आवृत्ती किंवा तिच्या पुढची हवी. आधीची १.४ ही आवृत्ती फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकते. संगणक, तार आणि टी.व्ही. या तिघांपैकी जो मागे असेल, त्याच्या चालीने सर्वांना चालावे लागते. म्हणून संगणकाबरोबर टी.व्ही.च्या मागची खाचही तपासा.

फोर-के कोणाला दिसते?

आता सर्वांत महत्त्वाच्या उपकरणाकडे येऊ. ते म्हणजे तुमचा डोळा. निरोगी डोळ्याला सुमारे एक मिनिट कोनाइतका, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका, बारकावा ओळखता येतो. त्याहून लहान कोन करणारे दोन बिंदू डोळ्याला एकच भासतात. एका मिनिटाचा कोन करणाऱ्या वस्तूचे डोळ्यापासूनचे अंतर तिच्या रुंदीच्या सुमारे ३,४४० पट असते.

४३ इंची टी.व्ही.चा पडदा सुमारे ९५ सेंमी रुंद असतो. फुल एचडीत त्यावर १,९२० बिंदू बसतात, म्हणून एक बिंदू जवळजवळ अर्धा मिलिमीटर रुंद. याला ३,४४० ने गुणले, की सुमारे १.७ मीटर येतात. याचा अर्थ असा, की तुम्ही १.७ मीटरपेक्षा दूर बसलात, तर फुल एचडीतले बिंदूसुद्धा तुम्हाला सुटे दिसत नाहीत. मग त्याच्या चौपट बिंदू असलेले फोर-के चित्र घेऊन काय दिसणार? ५५ इंची पडद्यासाठी हेच अंतर सुमारे २.२ मीटर येते.

बैठकीच्या खोलीत टी.व्ही. एका भिंतीला आणि दिवाण समोरच्या भिंतीला असतो. हे अंतर तीन मीटर असेल, तर ४३ इंची पडद्यावर फोर-केसाठी मोजलेले जादा पैसे डोळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

*करून पाहा :* पांढऱ्या कागदावर १ मिमी जाडीच्या काळ्या रेघा १ मिमी अंतर सोडून काढा. कागद भिंतीला लावा आणि मागे मागे सरका. रेघा मिसळून करडा रंग दिसू लागला, की ते अंतर मोजा. ते ३.४ मीटरच्या आसपास यावे. वर्गातल्या सर्वांची अंतरे मांडून सरासरी काढा. फारच कमी अंतर येणाऱ्या विद्यार्थ्याने डोळे तपासून घ्यावेत.

चोवीस आणि साठ यांचे भांडण

चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात, तर बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा ताजे होतात. ६० ला २४ ने भागले तर २.५ येतात. कोणतेही चित्र अडीच वेळा दाखवता येत नाही. म्हणून एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा, असे दाखवले जाते. सरळ चालणारी गाडी किंवा हळूहळू फिरणारा देखावा यामुळे किंचित लंगडतो. छोट्या संगणकाचा एक खरा गुण येथे दिसतो. टी.व्ही. तयार असेल, तर संगणकाला सांगून पडदा २४ च्या चालीवर आणता येतो. टी.व्ही.वरील भारतीय कार्यक्रमांची चाल सेकंदाला २५ चित्रांची आहे. त्यांच्यासाठी ५० ची चाल योग्य, कारण प्रत्येक चित्र बरोबर दोनदा येते.

कांदाचाळीचा धडा

संगणकात शिरलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत बदलते. ती बाहेर कशी काढायची, हे देवळा, उमराणे, लोहोणेर या परिसरातील मुलांना निराळे शिकवायला नको. कांदाचाळ आठवा. तिचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो, बाजूंना फटी ठेवलेल्या असतात. खालून थंड हवा शिरते, कांद्याची ऊब घेऊन हलकी होते आणि वर निघून जाते. फटी बुजवल्या तर कांदा सडतो.

पंखा नसलेला छोटा संगणक असाच थंड होतो. समजा, एखादे यंत्र दर वॅटला खोलीपेक्षा २.५ अंशांनी तापते. चित्रपट दाखवताना ते १२ वॅट घेत असेल, तर आतली चिप खोलीपेक्षा १२ × २.५ = ३० अंशांनी गरम होईल. डिसेंबरच्या रात्री खोली १५ अंशांवर असताना चिप ४५ अंश सेल्सिअसवर राहील. मे महिन्यात, मालेगावकडचे वारे सुटले आणि खोलीच ४१ अंशांवर गेली, की चिप ७१ वर जाईल. हे चालण्यासारखे आहे. पण उलगडा करणारा परिपथ नसल्याने तेच यंत्र २० वॅट घेऊ लागले, तर ४१ + ५० = ९१ अंश. त्यातून ते काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवले आणि आतली हवा आणखी १० अंशांनी तापली, की शंभरी ओलांडली. सुमारे शंभर अंशांशी बहुतेक प्रक्रियक स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतात आणि चित्र अडखळू लागते. हिवाळ्यात दुकानात उत्तम चाललेले यंत्र उन्हाळ्यात घरी का रुसते, याचे उत्तर बहुधा यातच असते.

पंखा असलेले यंत्र घेतले तर उष्णतेचा प्रश्न सुटतो, पण धुळीचा उभा राहतो. कांदा भरण्याच्या दिवसांत हवेत उडणारे फोलपट आणि धूळ पंखा आत ओढतो. अशा घरात दर दोन-तीन महिन्यांनी, वीज पूर्ण बंद करून, जाळी साफ करायला हवी.

*करून पाहा :* एक तापमापक शोकेसच्या आत, चालू यंत्रापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि दुसरा बाहेर. तासभर दर दहा मिनिटांनी दोन्हींची नोंद घ्या, आलेख काढा. मग शोकेसचे दार उघडे ठेवून प्रयोग पुन्हा करा. यंत्राचे झाकण मात्र उघडू नका.

आवाज : नको असलेला आणि हवा असलेला

पंख्याचा आवाज एका मीटरवर ३६ डेसिबल असेल, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यावर तो ६ डेसिबलने कमी होतो. दोन मीटरवर ३०, चार मीटरवर २४. बंद खोलीत भिंतींवरून ध्वनी परततो, त्यामुळे घट याहून कमी असते. उन्हाळ्यात छताचा पंखा फिरत असताना हा आवाज त्यात बुडून जातो. हिवाळ्यातल्या शांत रात्री मात्र तो जाणवतो.

हव्या असलेल्या आवाजाकडे लोक कमी लक्ष देतात. टी.व्ही. जसजसे पातळ होत गेले, तसतशी त्यांतल्या ध्वनिक्षेपकांना जागा उरली नाही. खर्जाचे स्वर निर्माण करायला बरीच हवा हलवावी लागते आणि त्यासाठी मोठा पडदा व मोठी पेटी लागते. रुपयाभर आकाराच्या ध्वनिक्षेपकाला ते जमत नाही. संवाद नीट ऐकू येत नाहीत म्हणून नवा संगणक घेणे म्हणजे पाइप अरुंद असताना मोटार बदलणे होय. तेथे दोन बरे ध्वनिक्षेपक घ्यावेत.

विजेचा हिशेब

१२ वॅटचे यंत्र रोज तीन तास चालवले, तर वर्षाला १२ × ३ × ३६५ = १३,१४० वॅट-तास, म्हणजे सुमारे १३ युनिट होतात. त्याऐवजी जुना, १२० वॅट घेणारा मोठा संगणक टी.व्ही.ला जोडला, तर १३१ युनिट. दर युनिटला ८ रुपये धरले, तर फरक वर्षाला साडेनऊशे रुपयांच्या घरात जातो. जुना संगणक ‘फुकट’ आहे, असे म्हणताना हे ध्यानात घ्यावे.

पण आणखी एक चोरवाट आहे. यंत्र बंद न करता नुसते ‘झोपवले’ आणि झोपेत ते ५ वॅट घेत असले, तर उरलेल्या २१ तासांचे वर्षाला ५ × २१ × ३६५ = ३८,३२५ वॅट-तास, म्हणजे ३८ युनिट होतात. चित्रपट पाहण्यापेक्षा न पाहण्याला तिप्पट वीज! भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय येथे उपयोगी पडते. मात्र आधी संगणक रीतसर बंद करावा. चालू संगणकाची वीज एकाएकी गेली, तर साठवणीतली माहिती बिघडू शकते. ज्या घरी वीज वारंवार जाते, तेथे बॅटरीचा आधार हवा. बॅटरीतून एक हजार वॅट-तास मिळत असतील, तर ६० वॅटचा टी.व्ही. आणि १२ वॅटचा संगणक सुमारे १४ तास चालतील. तोच टी.व्ही. १२० वॅटच्या संगणकाबरोबर साडेपाच तासच चालेल.

*करून पाहा :* घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. शेजारी एका युनिटला किती लुकलुकी, ते लिहिलेले असते. तो आकडा ३,२०० असेल, तर एका लुकलुकीला १,१२५ ज्यूल ऊर्जा खर्च होते. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. १,१२५ ला त्या सेकंदांनी भागा. आलेले उत्तर म्हणजे चालू उपकरणाची शक्ती, वॅटमध्ये.

बाहेरून येणारी माहिती

चित्रपट इंटरनेटवरून पाहायचा असेल, तर सेकंदाला ८० लाख बिट सतत मिळायला हवेत. मोबाइलच्या योजनेत दिवसाला दोन गिगाबाइट मिळत असतील, तर ते २,००० सेकंदांत, म्हणजे ३३ मिनिटांत संपतील. येथे छोट्या संगणकाचा दुसरा गुण कामास येतो. त्यात मोठी साठवण असते. शिक्षकांनी दिलेले धडे, प्रयोगांच्या चित्रफिती एकदाच उतरवून घेतल्या, की घरातील सर्वांना वारंवार पाहता येतात.

याउलट एक उणीवही आहे. पैसे भरून पाहायच्या काही सेवा संगणकावरच्या ब्राउझरला मुद्दाम कमी बारकाव्याचे चित्र देतात. नक्कल होऊ नये म्हणून त्यांनी कुलपे लावलेली असतात. अशा वेळी टी.व्ही.च्या मागे खोचायची, बोटभर लांबीची स्वस्त कांडी महागड्या संगणकापेक्षा चांगले चित्र देते.

मग निर्णय काय?

आता तीन घरे डोळ्यांपुढे आणा. पहिल्या घरात फक्त चित्रपट आणि मालिका पाहायच्या आहेत, इंटरनेट चांगले आहे. त्यांना कांडी पुरते. उरलेले पैसे ध्वनिक्षेपकांवर खर्चावेत. दुसऱ्या घरात टी.व्ही. जुना, लहान, आणि दिवाण तीन मीटरवर आहे. त्यांनी संगणक बदलण्याआधी दिवाण पुढे ओढून पाहावा. त्याला पैसे पडत नाहीत. तिसऱ्या घरात मुलांना लिहायचे आहे, आज्ञावली शिकायची आहे, साठवलेले धडे पाहायचे आहेत आणि रात्री सर्वांना एकत्र चित्रपटही हवा आहे. छोटा संगणक खऱ्या अर्थाने या घरासाठी आहे.

पण या तिसऱ्या घराने आणखी एक माप घ्यावे, जे कोणत्याही खोक्यावर छापलेले नसते. रात्री आठ ते दहा या वेळात पडदा कोणाचा? दहावीच्या मुलीचा अभ्यास आणि आजोबांच्या बातम्या एकाच वेळी आल्या, तर एकच पडदा दोघांना पुरत नाही. अशा घरात घड्याळाप्रमाणे वाटणी आधी ठरवावी. ती जमत नसेल, तर त्याच पैशांत मुलीसाठी साधा वापरलेला लॅपटॉप आणि टी.व्ही.साठी कांडी, हा पर्याय अधिक हिताचा.

स्वाध्याय

१. तुमच्या घरचा टी.व्ही. किती इंची आहे? पडद्याची रुंदी मोजा. फुल एचडीतील एका बिंदूची रुंदी काढा आणि बिंदू सुटे दिसण्याचे कमाल अंतर ठरवा. तुम्ही प्रत्यक्षात किती दूर बसता?

२. एक यंत्र ९ वॅट घेते आणि दर वॅटला ३ अंशांनी तापते. खोली ४२ अंश सेल्सिअसवर असताना चिपचे तापमान किती?

३. ३० चित्रे प्रतिसेकंद या चालीचा कार्यक्रम ६० आणि ५० या दोन चालींच्या पडद्यांवर कसा दिसेल? कोणता पडदा चांगला आणि का?

४. आठवडाभर संध्याकाळी सहा ते दहा या वेळात तुमच्या घरचा पडदा कोण, किती मिनिटे वापरतो, याचा तक्ता करा. त्या तक्त्यावरून तुमचे घर वरील तिघांपैकी कोणत्या घराशी जुळते, ते घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा.